जर्मन फ्लाकपांझर : उघड्या छताचे रणगाडे

चिलखती

दुसऱ्या महायुद्धातल्या टायगर आणि पँथर या जर्मन रणगाड्यांवर भरपूर लिहिलं जातं. त्यांच्याबरोबर चालणाऱ्या, वरून उघड्या असलेल्या विमानवेधी गाड्यांबद्दल, म्हणजे फ्लाकपांझरबद्दल मात्र मराठीत फारसं काही सापडत नाही. बरेच दिवस याच विषयावर वाचतोय, म्हणून हा धागा काढला. जाणकारांनी भर घालावी, खोडून काढावंसं वाटलं तर तेही करावं.

आधी थोडी पार्श्वभूमी. युद्धाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत जर्मन रणगाडा दलाला आकाशाची फारशी धास्ती नव्हती. डोक्यावर स्वतःचीच विमानं असायची. विमानवेधी तोफा पुष्कळ होत्या, पण त्यातल्या बहुतेक हवाई दलाच्या, म्हणजे त्याचा प्रमुख गोअरिंगच्या ताब्यात होत्या. बॉम्बफेक वाढत गेली तशा हजारो तोफा जर्मन शहरांभोवतीच अडकून पडल्या. आघाडीवरच्या तुकड्यांबरोबर जायच्या त्या २ सेंटिमीटरच्या हलक्या तोफा. पुढे चाकं आणि मागे पट्टे असलेल्या ट्रकवर त्या बसवलेल्या असत. सुरुवातीच्या या ट्रकना चिलखत जवळपास नव्हतंच. रणगाडे चिखलातून, शेतातून जात आणि हे ट्रक मागे राहत.

रणगाड्याच्याच सांगाड्यावर विमानवेधी तोफ चढवायचा पहिला प्रयोग १९४१ चा. जुन्या झालेल्या पांझर-१ या हलक्या रणगाड्यावर २ सेंटिमीटरची एक तोफ बसवून २४ गाड्या केल्या आणि त्या ६१४ क्रमांकाच्या विमानवेधी बटालियनला दिल्या. पूर्व आघाडीवर त्या संपल्या आणि विषयही तिथेच राहिला.

१९४३ मध्ये चित्र उलटलं. पूर्वेला सोव्हिएत इल्युशिन-२ थव्यांनी यायला लागली, ट्युनिशिया आणि इटलीत ब्रिटिश-अमेरिकन लढाऊ बॉम्बफेकी विमानं. मार्च १९४३ मध्ये जनरल गुडेरियन रणगाडा दलाचा महानिरीक्षक झाला. रणगाड्यांबरोबर चालेल अशी विमानवेधी गाडी हवी, ही मागणी आता टाळता येण्यासारखी नव्हती.

तात्पुरती सोय म्हणून प्रागमधल्या कारखान्यात चेक बनावटीच्या ३८(टी) रणगाड्याच्या सांगाड्यावर सुमारे १४० गाड्या बनवल्या. इंजिन मधे, मागे उघडा कप्पा आणि त्यात २ सेंटिमीटरची एकच तोफ. १९४३ च्या अखेरीपासून १९४४ च्या सुरुवातीपर्यंत हे काम चाललं. गाडी चपळ होती, पण तोफ कमजोर. इल्युशिनचं पोट चिलखती होतं, अमेरिकन थंडरबोल्ट चार गोळे खाऊनही घरी परतायचं.

मग आली मोबेलवागेन. पांझर-४ च्या सांगाड्यावर सपाट मंच, त्यावर ३.७ सेंटिमीटरची तोफ आणि चारी बाजूंनी उभ्या पोलादी भिंती. सामान वाहणाऱ्या बंद गाडीसारखी दिसते म्हणून तसं नाव. सुमारे २४० बनल्या. तोफ चांगली होती, घोटाळा भिंतींचा होता. भिंती उभ्या असताना तोफ पूर्ण फिरत नसे. अर्ध्या झुकवल्या तर उंचावरच्या विमानावर मारा करता येई. खालून येणाऱ्या विमानावर किंवा जमिनीवर मारायचं तर भिंती पूर्ण आडव्या पाडाव्या लागत. म्हणजे ज्या क्षणी गोळ्या अंगावर येणार, नेमक्या त्याच क्षणी तोफेवरची माणसं उघड्या मंचावर.

जरा हिशेब करून बघा. ताशी ६०० किलोमीटरने येणारं विमान सेकंदाला दीडशे मीटरहून जास्त अंतर कापतं. २ किलोमीटरवर दिसलं तर हातात बारा सेकंद. तेवढ्यात भिंती पाडायच्या, तोफ वळवायची, नेम धरायचा.

विर्बेलविंड हा त्यावरचा उतारा. तोच पांझर-४ चा सांगाडा, पण वर नऊ बाजूंचा फिरता बुरूज आणि आत २ सेंटिमीटरच्या चार नळ्या. बुरूज तोफेबरोबर फिरतो, त्यामुळे भिंती पाडायची गरजच नाही. चिलखत १६ मिलिमीटर, रायफलच्या गोळ्या आणि तुकडे अडवण्यापुरतं. सैनिक तिला बिस्किटाचा डबा म्हणत. सिलेशियातल्या सागान गावच्या ओस्टबाऊ कारखान्यात १९४४ च्या उन्हाळ्यापासून ती बनू लागली. एकूण आकडा पुस्तकागणिक ८७ ते १०५ असा बदलतो. तिच्याच बरोबरीने सहा बाजूंच्या बुरुजाची ओस्टविंड, आत ३.७ ची एक तोफ. ती चाळीस-पंचेचाळीसच्या आसपास.

आणि शेवटची कूगेलब्लिट्झ. पूर्ण बंद बुरूज, विमानांसाठी बनवलेल्या ३ सेंटिमीटरच्या दोन एमके-१०३ तोफा. १९४५ मध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच तयार झाल्या.

मला या सगळ्या गाड्यांत एकच कोडं दिसतं. तोफचीला आकाश दिसायला हवं, म्हणून डोक्यावर छप्पर नको. आणि तोफची जिवंत राहायला हवा, म्हणून छप्पर हवं. मोबेलवागेनपासून कूगेलब्लिट्झपर्यंत प्रत्येक गाडी याच कोड्याचं वेगवेगळं उत्तर आहे. उत्तर सापडलं तेव्हा कारखाने आणि पेट्रोल दोन्ही संपत आलं होतं.

मेकॅनिक_नाशिक

उत्तम धागा! माझा पिंड यंत्रांचा, म्हणून एक शंका. चार नळ्यांना पट्ट्याने गोळे पुरवले जायचे का? उघड्या बुरुजात मावणार कसं ते? आणि छप्पर नव्हतं ते फक्त दिसावं म्हणून?

चिलखती

पट्टा नव्हता. प्रत्येक नळीला २० गोळ्यांचं वाकडं मॅगझिन, बाजूने खोचायचं. एका नळीचा वेग मिनिटाला साधारण ४५० गोळ्या, म्हणजे मॅगझिन तीन सेकंदांच्या आत रिकामं. चारही नळ्या एकदम चालवल्या की तीन सेकंदांनी सगळंच गप्प.

म्हणून रचना अशी केली होती की तोफचीच्या पायाशी दोन पॅडल. एका पॅडलवर दोन नळ्या, त्याही तिरप्या जोडीतल्या : एका बाजूची वरची आणि दुसऱ्या बाजूची खालची. एक जोडी चालू असताना दुसरीची मॅगझिनं बदलायची. तिरपी जोडी घेतल्यामुळे धक्का दोन्ही बाजूंना सारखा बसतो, तोफ एकीकडे ओढली जात नाही. तोफची मधे, त्याच्या दोन्ही अंगांना गोळे भरणारा एकेक जण. प्रत्येकाकडे एक वरची नळी, एक खालची. कागदावर मिनिटाला १८०० गोळ्या होतात, प्रत्यक्षात ८०० च्या आसपास मिळत. उरलेला सगळा वेळ मॅगझिन काढण्या-घालण्यात जाई.

३.७ च्या तोफेचं वेगळं. तिला आठ गोळ्यांच्या क्लिपा. वेग कमी, पण गोळा पाचपट जड आणि मारा खूप उंच. एक बसला तरी विमानाचं काम झालं. म्हणून ओस्टविंड हीच योग्य दिशा होती असं माझं मत आहे. २ सेंटिमीटरच्या चार नळ्यांपेक्षा ३.७ ची एक नळी बरी.

छपराबद्दल : दिसणं हे एक कारण, धूर हे दुसरं. चार वेगवान नळ्यांचा धूर बंद बुरुजात कोंडला तर माणसं गुदमरतील. विर्बेलविंडला छप्पर घालायचा विचार होता, तो या धुरापायी सोडावा लागला.

मेकॅनिक_नाशिक

तिरप्या जोडीची रचना फार आवडली. मग कूगेलब्लिट्झमध्ये धुराचं काय केलं? आणि ती एमके-१०३ मूळची कुठल्या विमानाची?

चिलखती

हेन्शेल-१२९ हे रणगाडे मारणारं विमान होतं, त्याच्या पोटाखाली ही तोफ असायची. कूगेलब्लिट्झमध्ये दोन्ही तोफा पट्ट्याने चालत, त्यामुळे मॅगझिन बदलायला जागा आणि माणसं लागत नव्हती. खालच्या शंकूत टांगलेल्या गोल कवचात तोफा आणि त्या चालवणारी माणसं, असा तो बुरूज. धूर बाहेर काढायची वेगळी सोय करावी लागली. पांझर-४ च्या मूळ खाचेत हा बुरूज बसत नव्हता, म्हणून टायगरचं मोठं कडं वापरलं. डाइमलर-बेन्झचं काम. थुरिंगियात स्पिख्रा गावाजवळ एका कूगेलब्लिट्झचे अवशेष जमिनीतून निघाले आहेत, म्हणजे निदान एक तरी लढाईत उतरली.

सह्यभटक्या

थोडा विरोधी सूर लावतो. विमानांनी जर्मन रणगाडे गारद केले हे आपण गृहीत धरतोय. ऑगस्ट १९४४ मध्ये नॉर्मंडीत मोर्तांला जर्मनांनी प्रतिहल्ला केला, तेव्हा ब्रिटिश टायफून विमानांनी रॉकेटांनी तो मोडून काढला अशी ख्याती आहे. वैमानिकांचे दावे प्रचंड होते. नंतर ब्रिटिशांच्याच संशोधन पथकाने रणभूमीवर जाऊन सांगाडे तपासले. ४६ रणगाडे आणि स्वयंचलित तोफा पाहिल्या, त्यातल्या फक्त ९ हवाई माऱ्याने गेलेल्या निघाल्या. बाकीच्या जमिनीवरच्या तोफांनी मारलेल्या किंवा सोडून दिलेल्या.

मग एवढ्या विमानवेधी गाड्या बनवायची गरज होती का? तेच सांगाडे साध्या रणगाड्यांना गेले असते.

चिलखती

दादा, आकडा बरोबर आहे, पण त्यातला 'सोडून दिलेल्या' हा भाग जास्त महत्त्वाचा. टायफूनचं रॉकेट नेमकं लागणं दुर्मीळ होतं हे खरं, पण रणगाड्यात बसलेल्याला ते कुठे माहीत होतं? रॉकेटं आजूबाजूला फुटायला लागली की लोक चालता रणगाडा सोडून झाडीत पळत. शिवाय विमानं सगळ्यात जास्त नुकसान करत ते रणगाड्यांमागच्या ट्रकांचं. पेट्रोल आणि दारूगोळा पोचला नाही तर पँथर जागेवर उभा. नॉर्मंडीत जर्मन तुकड्या दिवसा रस्त्यावर उतरायच्याच बंद झाल्या. १७ जुलै १९४४ ला खुद्द जर्मन सेनापती रोमेलची मोटार दिवसाढवळ्या विमानाने टिपली आणि तो त्या लढाईतून कायमचा बाद झाला.

वैमानिकाच्या बाजूनेही बघा. खालून चार नळ्यांची प्रकाशरेषा वर येताना दिसली की तो लवकर मारा करून वळतो, किंवा उंचावरूनच रॉकेट सोडतो. त्याचा नेम चुकला की गाडीचं काम झालं, विमान पडलंच पाहिजे असं नाही. या गाड्यांची किंमत पाडलेल्या विमानांवरून काढली तर ती नेहमीच कमी दिसणार.

शर्वरी_वाचते

दोन गोष्टी जोडते. एक, विर्बेलविंडची कल्पना ज्याच्या नावावर सांगितली जाते तो कार्ल-विल्हेल्म क्राउझं. हा नाझी पक्षाच्या एसएस दलातल्या १२व्या रणगाडा डिव्हिजनचा कनिष्ठ अधिकारी, आणि त्याआधी हिटलरचा खासगी सेवक होता. गाडीच्या हुशार रचनेबद्दल बोलताना ही डिव्हिजन कोण होती तेही लिहिलं गेलं पाहिजे. जून १९४४ मध्ये याच डिव्हिजनच्या लोकांनी नॉर्मंडीत शरण आलेल्या कॅनेडियन सैनिकांना गोळ्या घातल्या. आर्देनच्या मठाच्या आवारात मारलेले कॅनेडियन त्यातलेच. युद्धानंतर डिव्हिजनचा अधिकारी कुर्ट मायर याच्यावर त्याबद्दल खटला चालला आणि तो दोषी ठरला.

दुसरं, सागान. हा कारखाना ज्या गावात होता त्याच गावात दोस्त राष्ट्रांच्या वैमानिकांची युद्धकैदी छावणी होती, स्टालाग लुफ्ट-३. मार्च १९४४ मध्ये तिथून बोगदा खणून ७६ जण बाहेर पडले. त्यातले बहुतेक पकडले गेले आणि ५० जणांना गेस्टापोने (नाझी गुप्त पोलिसांनी) ठार मारलं. म्हणजे विमानं पाडणारी गाडी आणि पाडलेल्या विमानांतले वैमानिक, दोन्ही एकाच छोट्या गावात. जानेवारी १९४५ च्या अखेरीस, कडाक्याच्या थंडीत, त्या कैद्यांना पायी पश्चिमेकडे हाकललं. सोव्हिएत फौजा सिलेशियात शिरल्या तसं कारखान्याचं कामही तिथून हलवावं लागलं. सागान आता पोलंडमध्ये आहे, झागान्य या नावाने.

चिलखती

शर्वरीताई, हे लिहिलंत ते फार बरं झालं. क्राउझं आणि त्याची डिव्हिजन हा भाग मी पहिल्याच लेखात घ्यायला हवा असा आहे. वर संपादित करून तुमच्या प्रतिसादाचा उल्लेख टाकतो.

ओंटारिओकर

कॅनडातून लिहितोय. उरलेल्या विर्बेलविंडपैकी एक इथे बोर्डनच्या लष्करी तळावरच्या संग्रहालयात आहे. टोरांटोहून गाडीने सव्वा-दीड तासावर. आजूबाजूला कुणी मराठी मंडळी असतील तर जरूर जा. फोटोत न कळणारी एक गोष्ट तिथे कळते : बुरूज वर निमुळता होत जातो, त्यामुळे आत तीन माणसं, चार नळ्या आणि मॅगझिनं यांना कोपर हलवायला जागा उरत नसणार. आणि भिंत हाताच्या बोटाएवढ्या जाडीची. रणगाडा म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतं तसं हे चिलखत अजिबात नाही.

इथलीच दुसरी गाडी म्हणजे कॅनडाची स्किंक. अमेरिकन शर्मन रणगाड्याच्या कॅनेडियन भावंडाच्या, ग्रिझलीच्या सांगाड्यावर २० मिलिमीटरच्या चार पोलस्टेन नळ्या, बंद बुरूज, तोही यंत्राने फिरणारा. जर्मन ज्यासाठी झगडत होते ते जवळपास सगळं हिच्यात होतं. पण ती तयार होईपर्यंत लुफ्तवाफे (जर्मन हवाई दल) आकाशातून दिसेनाशी झाली होती. एक गाडी १९४५ च्या सुरुवातीला युरोपात पाठवली, तर मारायला विमानच मिळेना. शेवटी ती जमिनीवरच्या जर्मन ठाण्यांवर वापरली. मोजक्याच बनल्या आणि प्रकल्प बंद. ज्यांना गरज होती त्यांना वेळ मिळाला नाही, आणि ज्यांना जमलं त्यांची गरज सरली होती.

ब्रिटिशांनीही क्रूसेडर रणगाड्यावर विमानवेधी तोफा बसवल्या होत्या. नॉर्मंडीनंतर त्या तुकड्या मोडून माणसं दुसरीकडे लावली.

मेकॅनिक_नाशिक

सह्यभटक्यांच्या 'सांगाडे वाया गेले' या मुद्द्यावर : विर्बेलविंडचे सांगाडे बव्हंशी नवीन नव्हते असं मी वाचलंय. आघाडीवरून दुरुस्तीला परत आलेले पांझर-४ घ्यायचे, मूळ बुरूज उतरवायचा, हा बसवायचा. हे खरं असेल तर रणगाड्यांचं तेवढं नुकसान झालं नाही.

चिलखती

खरं आहे, विर्बेलविंड अशाच परत आलेल्या सांगाड्यांवर झाली. तरी दुरुस्त झालेला पांझर-४ पुन्हा रणगाडा म्हणून जाऊ शकला असता, त्यामुळे किंमत शून्य नव्हती. प्रमाण बघा पण : युद्धभरात साडेआठ हजारांच्या आसपास पांझर-४ बनले. त्याच्या सांगाड्यावरच्या सगळ्या विमानवेधी गाड्या मिळून चारशेच्या आत-बाहेर. आणि ६ जून १९४४ या एका दिवशी दोस्तांनी नॉर्मंडीसाठी अकरा हजारांहून जास्त विमानं सज्ज ठेवली होती. रणगाडा रेजिमेंटच्या वाट्याला या गाड्यांची एखादी छोटी तुकडी यायची. लांबलचक ताफ्याच्या पुढे एक, मागे एक ठेवली की मधे सगळं उघडं.

त्यातही डोळ्यांनी नेम. रडार नाही, गणित करणारं यंत्र नाही. विर्बेलविंडचा बुरूज हाताने चाकं फिरवून वळवायचा. डोक्यावरून आडव्या जाणाऱ्या विमानाच्या मागे तो वळवता वळवता तोफचीची दमछाक होत असणार.

सह्यभटक्या

चारशे आणि अकरा हजार हे शेजारी ठेवल्यावर माझा आक्षेप सौम्य झाला. आता प्रश्न असा उरतो की १९४२ मध्येच सुरुवात केली असती तर?

चिलखती

मला नाही वाटत फार फरक पडला असता. १९४२ मध्ये केल्या असत्या तर त्या २ सेंटिमीटरच्या एका नळीच्याच झाल्या असत्या, कारण तेव्हा तेवढंच पुरेसं वाटत होतं. चार नळ्या, ३.७, फिरता बुरूज, बंद बुरूज ही प्रत्येक पायरी मार खाल्ल्यानंतर चढली गेली.

नगरकर

आमच्या अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात व्हॅलेंटाइन, चर्चिल, पाकिस्तानकडून घेतलेला पॅटन असं बरंच काही बघायला मिळतं, त्यामुळे लहानपणापासून या विषयाची ओढ आहे. धागा वाचताना सारखी आपल्या लष्कराची शिल्का आठवत होती. सोव्हिएत गाडी, चार नळ्या २३ मिलिमीटरच्या, पाण्याने थंड होणाऱ्या, आणि बुरुजावर स्वतःचं रडार. वेग मिनिटाला तीन हजारांच्या वर. बंद बुरूज, माणसं आत. चिलखतींनी मांडलेलं कोडं इथे रडारने सोडवलं म्हणायचं का? तोफचीला आकाश डोळ्यांनी बघायची गरजच उरली नाही.

चिलखती

नगरकर, अगदी नेमकं बोललात! छप्पर घालणं परवडलं ते रडार छोटं होऊन बुरुजावर बसल्यावर. आपल्या शिल्का भारत इलेक्ट्रॉनिक्सने नवीन रडार आणि नवीन इंजिन घालून सुधारल्या आहेत, म्हणजे साठ वर्षांपूर्वीची मांडणी अजून उपयोगाची आहे.

जर्मनांनी स्वतः पुढे लेपर्ड-१ च्या सांगाड्यावर गेपार्ड बनवली. ३५ मिलिमीटरच्या दोन तोफा, बुरुजावर दोन रडार : एक शोधायला, एक माग काढायला. तोफा बुरुजाच्या बाहेर, दोन्ही कुशींवर बसवल्या, त्यामुळे धूर आत येण्याचा प्रश्नही मिटला. जर्मन सैन्याने ती २०१० च्या सुमारास निवृत्त केली, क्षेपणास्त्रांच्या जमान्यात तोफेचं काय काम असं म्हणून. २०२२ पासून त्याच गाड्या युक्रेनमध्ये इराणी बनावटीचे शाहेद ड्रोन पाडतायत.

मेकॅनिक_नाशिक

ड्रोनच्या बाबतीत तर तोफ स्वस्तही पडते. एका ड्रोनमागे महागडं क्षेपणास्त्र खर्च करण्यापेक्षा ३५ मिलिमीटरच्या गोळ्यांची एक छोटी फैर. पण मग दारूगोळा मिळत राहायला हवा. गेपार्डच्या गोळ्यांवरून मधे अडचण झाली होती ना?

चिलखती

झाली होती. तोफा स्विस ओर्लिकॉन बनावटीच्या आणि स्वित्झर्लंडने तटस्थतेच्या कायद्यावर बोट ठेवून त्यांच्याकडचा दारूगोळा युक्रेनला द्यायला परवानगी नाकारली. शेवटी ऱ्हाइनमेटाल या जर्मन शस्त्रकंपनीने जर्मनीतच या गोळ्यांचं उत्पादन नव्याने सुरू केलं. योगायोग म्हणजे पँथरच्या सांगाड्यावर ३.७ च्या दोन तोफांचा बंद बुरूज हीच कंपनी १९४३-४४ मध्ये आखत होती. कोएलियन नावाने ती गाडी ओळखली जाते. लाकडी नमुन्यापलीकडे ती गेली नाही, कारण तोफांसाठी एकही पँथर सोडायला कुणी तयार नव्हतं. तिच्यावर वेगळा धागा काढतो, चित्रांसकट. सह्यभटक्या, तिथे तुमचा सांगाड्यांचा मुद्दा पुन्हा मांडा, पँथरच्या बाबतीत तो पांझर-४ पेक्षा जास्त लागू पडतो.